चैन कुणाच्या खात्यावर?

२ जुलै २०२४ रोजी नवी मुंबईत रिलायन्सच्या आवारात पालघर भागातल्या सुमारे ५० गरीब जोडप्यांची लग्ने लागली. प्रत्येक नवरीला मंगळसूत्र आणि इतर दागिने, स्त्रीधन म्हणून १ लाख १ हजार रुपयांचा धनादेश आणि वर्षभराचा किराणा मिळाला. यजमान होते अंबानी कुटुंब. दहा दिवसांनी, १२ जुलैला, त्याच घरातल्या धाकट्या मुलाचे लग्न वांद्रे-कुर्ला संकुलात लागले. त्या लग्नाचे सोहळे काही महिने चालले होते आणि देशोदेशीचे गायक, नट, उद्योगपती, राजकारणी त्यांना येऊन गेले होते.

त्या पावसाळ्यात महाराष्ट्रातल्या कुठल्याही चहाच्या टपरीवर दोन वाक्ये ऐकायला मिळत. पहिले, ‘त्यांचा पैसा आहे, ते उडवतील नाहीतर जाळतील, आपल्याला काय?’ दुसरे, ‘एवढ्या पैशात किती गरिबांचे भले झाले असते!’ दोन्ही वाक्ये बोलून माणूस मोकळा होतो आणि प्रश्न जिथल्या तिथे राहतो. पहिल्यात नीतीला जागाच नाही. दुसऱ्यात नीती आहे, पण ती फक्त दुसऱ्याच्या खिशापुरती आहे.

या दोन्ही वाक्यांची पारख करायला शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्यातले दोन तालुके चांगली जागा आहेत. मुंबईची श्रीमंती इथे तीन वाटांनी येऊन भिडते: पाण्यातून, जमिनीतून आणि लग्नांतून.

विचारवंत काय म्हणतात

चैनीच्या बाजूने केलेला सर्वांत गाजलेला युक्तिवाद तीनशे वर्षे जुना आहे. १७१४ साली लंडनमध्ये बर्नार्ड मँडेव्हिल याने मधमाश्यांच्या रूपककथेतून असे मांडले की, श्रीमंतांचा उधळेपणा हा त्यांचा दुर्गुण असला तरी त्यावर हजारो कारागिरांची पोटे चालतात. आजही मोठ्या लग्नाचे समर्थन याच शब्दांत होते: मांडववाल्याला काम मिळाले, आचाऱ्याला मिळाले, फुलवाल्याला मिळाले. हे खोटे नाही. जव्हार-विक्रमगडच्या शेतकऱ्याचा मोगरा दादरच्या फुलबाजारात लग्नसराईतच भाव खातो.

१८९९ साली अमेरिकी अर्थतज्ज्ञ थॉर्स्टीन व्हेब्लेन याने दुसरी बाजू दाखवली. बरीचशी चैन सुखासाठी नसतेच, ती लोकांना दिसावी म्हणून असते. वरच्या पायरीवरचा माणूस जे दाखवतो ते खालच्या पायरीवरचा उचलतो, आणि त्याचे पाहून त्याच्या खालचा. खर्चाची पायरी अशी सगळ्यांसाठीच वर सरकत जाते.

१९७२ साली पीटर सिंगर या तत्त्वज्ञाने प्रश्न थेट वाचकाच्या अंगावर टाकला. बांगलादेशी निर्वासितांची उपासमार तेव्हा ताजी होती. स्वतःचे फारसे काही न गमावता दुसऱ्यावरचे मोठे संकट टाळता येत असेल, तर ते टाळणे हे आपले कर्तव्य आहे, त्याला दानधर्म म्हणून मिरवू नये, असे त्याचे म्हणणे होते. अलीकडे इन्ग्रिड रोबेन्स यांनी संपत्तीलाच वरची मर्यादा असावी असा विचार मांडला आहे. गरिबीची रेषा आखता येते तशी श्रीमंतीचीही आखता येईल, असे त्या म्हणतात.

आपल्याकडे हा विचार त्याआधीच येऊन गेला होता. गांधीजींच्या विश्वस्त-कल्पनेला लोक श्रीमंतांच्या मनपरिवर्तनाची भाबडी आशा समजतात. पण १९४० च्या दशकात किशोरलाल मशरूवाला, नरहरी पारीख आणि मुंबईचे अर्थतज्ज्ञ एम. एल. दांतवाला यांनी या कल्पनेचा जो व्यवहारी मसुदा केला आणि गांधीजींनी जो तपासला, त्यात किमान वेतनाबरोबर कमाल उत्पन्नाचीही मर्यादा होती. संपत्तीच्या वापरावर कायद्याचे नियमनही त्याला मान्य होते.

ही सगळी मते आपापल्या जागी ठीक आहेत. तरी त्यांत एक गोष्ट पुरेशी वेगळी काढलेली दिसत नाही, आणि ती शहापूरच्या उन्हाळ्यात चटकन समजते. काही खर्चात पैसा एका हातातून दुसऱ्या हातात जातो, एवढेच होते. काही खर्चात मात्र पैशाच्या मागोमाग अशी वस्तू ओढली जाते, जी मोजकीच आहे आणि जिच्यावाचून दुसऱ्याचे जगणे अडते. या दोन खर्चांना एकाच मापाने मोजता येत नाही.

धरण उशाशी

मुंबईला सात जलाशयांतून पाणी मिळते. त्यांची एकूण साठवण १४ लाख ४७ हजार ३६३ दशलक्ष लिटर. त्यातले ७ लाख १७ हजार ३७ दशलक्ष लिटर, म्हणजे जवळजवळ निम्मे, एकट्या भातसा धरणात असते. भातसा शहापूर तालुक्यात आहे. १८९२ साली पुरे झालेले तानसा धरणही याच तालुक्यातले. मुरबाडच्या बाजूला बारवी धरण आहे, त्याचे पाणी औद्योगिक वसाहतींना आणि कल्याण-डोंबिवलीपासून पुढच्या शहरांना जाते.

आणि दर उन्हाळ्यात याच शहापूर-मुरबाडच्या गाव-पाड्यांना टँकर लागतात. कसारा-डोळखांब पट्ट्यातल्या बायका हंडे घेऊन खोल गेलेल्या विहिरीच्या तळाशी वाटीवाटीने पाणी भरतात.

असे का होते, याचे पहिले कारण भूगोलात आहे. सह्याद्रीच्या या उतारावर पाऊस अडीच हजार मिलिमीटरच्या घरात पडतो, पण खाली काळा बेसाल्ट आहे. हा खडक पाणी पोटात फारसे धरत नाही. भेगा आणि झिजलेला थर यांत जे मुरेल तेवढेच. बाकीचे चार महिन्यांत वाहून जाते. पाडे उंचावर, धरण खाली दरीत. धरणाचे पाणी शहराकडे बरेचसे उताराने जाते, पाड्याकडे मात्र ते पंप लावून चढवावे लागते.

दुसरे कारण माणसांचे आहे, आणि ते आकड्यांतून दिसते. २०११ च्या जनगणनेत शहापूर तालुक्याची लोकसंख्या ३ लाख १४ हजारांच्या आसपास होती. आज ती ४ लाख धरू. जलजीवन मिशनच्या मापाप्रमाणे ग्रामीण माणसाला दिवसाला ५५ लिटर पाणी हवे. म्हणजे साऱ्या तालुक्याला रोज २ कोटी २० लाख लिटर, वर्षाला ८ हजार ३० दशलक्ष लिटर. भातसाच्या साठ्याच्या हिशेबात हे सव्वा टक्काही भरत नाही. मुंबईचा रोजचा पुरवठा ३ हजार ८०० दशलक्ष लिटरहून अधिक आहे. त्या मापाने शहापूर तालुक्याची दिवसाची तहान मुंबईच्या आठ-नऊ मिनिटांच्या पाण्यात भागते.

म्हणजे पाणी कमी पडते म्हणून तालुका तहानलेला आहे, असे म्हणता येणार नाही. ज्याच्यामागे पैसा आणि वजन आहे त्याच्यासाठी शंभर किलोमीटरची जलवाहिनी होते. ज्याच्यामागे नाही त्याच्या पाड्यापर्यंतची दोन किलोमीटर वर्षानुवर्षे कागदावर राहतात. शहापूरच्या सुमारे शंभर गावांसाठी आणि अडीचशेहून अधिक पाड्यांसाठी आखलेल्या योजनेचे पाणी तर शेजारच्या इगतपुरी तालुक्यातल्या भावली धरणातून आणायचे ठरले, कारण ते उंचावर असल्याने उताराने येते. आपल्या अंगणातले धरण मुंबईला आणि स्वतःची तहान नाशिक जिल्ह्याच्या भरवशावर, अशी ही मांडणी आहे.

आता यात चैनीचा संबंध कुठे येतो? समजा, एखाद्या बंगल्यात दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि दीड मीटर खोल तरणतलाव आहे. त्यात ७५ हजार लिटर पाणी मावते. दहा हजार लिटरचे साडेसात टँकर. शंभर माणसांच्या पाड्याला ५५ लिटरच्या मापाने ते साधारण तेरा-चौदा दिवस पुरते. मुंबईच्या एकूण पाण्यात हा तलाव खिजगणतीतही नाही, आणि मुंबईतला तलाव रिकामा केला म्हणून ते पाणी कसाऱ्याच्या पाड्यावर चढणार नाही, हेही खरे. पण तोच तलाव मुरबाडच्या फार्महाऊसमध्ये असेल आणि बोअरवेलच्या पाण्याने भरत असेल, तर गोष्ट बदलते. बेसाल्टच्या एकाच भेगेतून बोअरलाही पाणी मिळते आणि खालच्या वाडीच्या विहिरीलाही. खोल बोअर आणि मोठी मोटर ज्याची, पाणी त्याचे. १९९३ च्या महाराष्ट्र भूजल कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीवाचून नवी विहीर खणायला बंदी घातली, ती याच कारणाने. कायदा आहे, पण एप्रिलमध्ये मोटर बंद करायला लावील असा माणूस गावात सहसा नसतो.

न्यायालयाने केलेली तोलणी

चैनीचे पाणी आधी की पिण्याचे, हा वाद महाराष्ट्रात एकदा उच्च न्यायालयापर्यंत गेला होता. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागत होते. त्याच वेळी मुंबई, पुणे, नागपूरला आयपीएलच्या सामन्यांसाठी खेळपट्ट्या भिजवल्या जात होत्या. लोकसत्ता मूव्हमेंट या संस्थेच्या याचिकेवर १३ एप्रिलला मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर हलवायला सांगितले.

क्रिकेट मंडळाची बाजू अगदीच पोकळ नव्हती. खेळपट्टीचे पाणी वाचवले म्हणून ते लातूरला पोहोचणार नव्हते. शिवाय प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरण्याची तयारी मंडळाने दाखवली होती. अनेकांनी या आदेशाला प्रतीकात्मक म्हटले. पण राज्याच्या जलनीतीत पिण्याचे पाणी पहिल्या क्रमांकावर आहे, आणि टंचाईच्या काळात हा क्रम कागदाबाहेर यावा लागतो, हे त्या आदेशाने सांगितले. जनतेच्या मनातही असा क्रम असतो. २०१३ च्या दुष्काळात राष्ट्रवादीचे तेव्हाचे मंत्री भास्कर जाधव यांनी चिपळूणला घरचे लग्न थाटामाटात केले, तेव्हा शरद पवारांनी स्वतःच्या पक्षातल्या त्या मंत्र्यांवर जाहीर नाराजी व्यक्त केली आणि जाधवांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. कायदा मोडला, हा त्या नाराजीतला मुद्दा नव्हता. काळवेळ न पाहण्याला लोकांनी दोष दिला होता.

सातबाऱ्यावर नवे नाव

दुसरी वाट जमिनीची. मुंबई-ठाण्याहून दोन तासांत गाठता येणारा, पावसाळ्यात हिरवागार होणारा हा पट्टा. माळशेजच्या वाटेवर, शहापूरच्या महामार्गालगत गेल्या काही दशकांत सेकंड होम, रिसॉर्ट, फार्महाऊस उभी राहिली. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाला. तो शहापूर तालुक्यातून जातो, त्यामुळे ओढा आणखी वाढणार.

जमीन विकणारा शेतकरी बिचाराच असतो, असे मानायचे कारण नाही. समृद्धीसाठी थेट खरेदीत रेडीरेकनरच्या पाचपटीपर्यंत भाव मिळाला. ज्या भातशेतीतून वर्षाचे तांदूळ कसेबसे निघत, तिथून मुलांचे शिक्षण, पक्के घर, धंद्याला भांडवल निघाले असेल तर त्यात आनंदच आहे. पण जमिनीचा भाव शहराच्या ऐपतीवर ठरायला लागला की, शेतीच्या उत्पन्नातून ती परत घेण्याची वाट बंद होते. जो विकतो त्याला एकदा पैसे मिळतात. जो विकत नाही त्याच्या पुढच्या पिढीला शेजारचा गुंठाही परवडत नाही.

आणि ज्याच्या नावावर काहीच नाही, त्याचे काय? कातकरी हा महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक. ठाणे-रायगडमधल्या त्यांच्या अनेक वाड्या पिढ्यान्पिढ्या दुसऱ्याच्या खासगी जमिनीवर वसलेल्या आहेत. जमिनीला भाव नव्हता तोवर मालकालाही वाडीची अडचण नव्हती, उलट हाताशी मजूर मिळत. भाव चढला की वाडी नकोशी होते. डॅनिएल बकल्स आणि राजीव खेडकर या अभ्यासकांनी कातकरी वाड्यांबरोबर केलेल्या कामातून हेच पुढे आले. वाडीला गावठाणाचा दर्जा मिळवून देणे हा त्यावरचा कायदेशीर उपाय आहे, पण त्यासाठी कागद, मोजणी आणि तहसीलच्या खेपा लागतात. शनिवार-रविवारच्या बंगल्याचा नकाशा त्यामानाने लवकर मंजूर होतो.

या ठिकाणी ‘अतिश्रीमंत’ कोण, हाही प्रश्न आपल्याकडे वळतो. वाडीवरून पाहिले तर ठाण्यात दोन खोल्यांचा फ्लॅट आणि मुरबाडला वीकएंडचे घर असलेला नोकरदारही अतिश्रीमंतच दिसतो.

लग्नगडी ते हळदीचा डीजे

तिसरी वाट लग्नाची, आणि जुन्या ठाणे जिल्ह्यात तिचा इतिहास कडू आहे. लग्नासाठी सावकाराकडून काढलेल्या थोड्याशा कर्जापायी आदिवासी तरुण बायकोसह त्याच्या घरी राबायला बांधला जाई. त्याला लग्नगडी म्हणत. कर्ज फिटल्याचा दिवस उजाडतच नसे. जानेवारी १९४५ मध्ये कल्याण तालुक्यातल्या टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. तिथून वारली आदिवासींचा लढा पेटला आणि वेठबिगारीबरोबर ही लग्नगडीची चालही मोडून निघाली. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० च्या पुस्तकात ती हकिकत लिहून ठेवली आहे.

१९७६ मध्ये वेठबिगार निर्मूलनाचा कायदा झाला. श्रमजीवी संघटनेने १९८० च्या दशकापासून या जिल्ह्यातले बांधलेले मजूर सोडवले. तरी बयाण्याची साखळी पूर्ण तुटलेली नाही. दिवाळीनंतर शहापूर-मुरबाडमधली कातकरी कुटुंबे भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, ती अनेकदा आधी घेतलेल्या उचलीच्या बदल्यात. ही उचल आजारपणासाठी असते, पावसाळ्यातल्या उपासमारीसाठी असते, आणि लग्नासाठीही असते. पैसे नाहीत म्हणून लग्न न लावता संसार थाटलेली, पदरी मुले असलेली जोडपी या पट्ट्यात नवी नाहीत. सामुदायिक विवाहात अशी जोडपी उभी राहतात ती म्हणूनच.

आता या साखळीच्या वरच्या टोकाकडे पाहू. व्हेब्लेनची पायरी इथे डोळ्यांना दिसते. मोठ्या घरचे लग्न टीव्हीवर, मोबाइलवर येते. जमिनीचे पैसे आलेल्या गावात हळदीला डीजे, बॅन्जो, हजार माणसांचे मटणाचे जेवण, ड्रोनचे चित्रीकरण सुरू होते. ज्याची जमीन गेली नाही आणि पैसेही आले नाहीत, त्याला मुलीच्या लग्नात ‘लोक काय म्हणतील’ हा प्रश्न छळू लागतो. तो पतपेढीकडे जातो. त्याच्याही खालचा भट्टीमालकाकडे जातो. पहिल्या घराने कुणाचे काही हिरावलेले नसते. तरी शेवटच्या घरातले जोडपे सहा महिने विटा पाडते.

म्हणून ‘आमच्या पैशाने लग्न केले, कुणाला त्रास दिला?’ हे उत्तर अर्धेच खरे आहे. मँडेव्हिल म्हणतो तसे मांडववाल्याला काम मिळालेच, पण खर्चाची पायरी वर सरकली त्याचे बिल त्या खर्चात कुठे लागत नाही. महात्मा फुल्यांनी हे ओळखले होते. सप्टेंबर १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात पुण्यात पहिले सत्यशोधक लग्न लागले. भटजीवाचून लग्न ही त्यातली एक बाजू, कर्जावाचून लग्न ही दुसरी.

मग निकष काय

श्रीमंती हाच गुन्हा, असे या तालुक्यांतून शिकायला मिळत नाही. कुणी लाखाचे घड्याळ घातले तर डोळखांबच्या विहिरीतले पाणी कमी होत नाही. कुणी चित्र विकत घेतले, वाडा राखला, गायकाला बिदागी दिली, तर ती पैशाची हालचाल आहे, आणि तिच्यावर डोळे वटारण्यात वेळ घालवू नये. जाब विचारायचा तो दोन प्रकारच्या चैनीला. एक, जी पाणी, जमीन यांसारख्या न वाढणाऱ्या आणि जगण्याला लागणाऱ्या वस्तूंवर हक्क सांगते. दुसरी, जी दिखाव्याने सगळ्यांच्याच खर्चाची पायरी वर नेते आणि तळातल्या माणसाला कर्जात ढकलते. पहिलीला कायदा हवा, दुसरीला लाज पुरे.

कायद्याच्या बाजूने आपण उलट दिशेने चालत आलो आहोत. वारशावरचा मृत्युकर १९८५ मध्ये गेला, संपत्तीकर २०१५ च्या अर्थसंकल्पाने संपला आणि त्याऐवजी मोठ्या उत्पन्नावर अधिभार आला. मोठ्या कंपन्यांनी सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करावेत, असे २०१३ चा कंपनी कायदा सांगतो. सामुदायिक विवाह किंवा शाळेची इमारत अशा दातृत्वातून होते आणि ती घेणाऱ्याला खरीच उपयोगी पडते. पण पाड्यावरचे नळाचे पाणी हा कुणाच्या दातृत्वाचा विषय नाही. तो हक्क आहे, आणि भातसाच्या साठ्यातल्या सव्वा टक्क्यात तो बसतो.

तेव्हा मागण्या साध्या आहेत. ज्या तालुक्यात धरण, त्या तालुक्याच्या पिण्याच्या पाण्याचा वाटा आधी बाजूला काढावा आणि ते वर चढवण्याचा खर्च ते पाणी वापरणाऱ्या शहरांच्या पाणीपट्टीतून घ्यावा. फार्महाऊस आणि रिसॉर्टच्या बोअरला मीटर बसवावा, आणि टँकर सुरू असलेल्या गावात तरणतलाव भरायला उन्हाळाभर बंदी असावी. कातकरी वाड्यांना गावठाण मिळाल्याशिवाय त्या जमिनीचा अकृषिक वापर मंजूर करू नये. यातल्या कशानेही कुणी श्रीमंत गरीब होणार नाही.

उरलेले आपल्या हातात आहे. यंदा घरात लग्न असेल तर यादीतली शंभर नावे आणि हळदीचा डीजे काढून पाहा. गावात चार ऐपतदार घरांनी असे केले, तर पाचव्या घराला कर्ज न काढता मुलीचे लग्न करण्याची मोकळीक मिळते.